माळरानाची साक्ष

हवामानबदलाशी संबंधित शोधनिबंध वाचताना आपण मराठीच्या तासाला बसलोय असं सहसा वाटत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा ‘पीपल अँड नेचर’ या जर्नलमध्ये २०२५ साली आलेला निबंध वाचताना मला तसं वाटलं. नेर्लेकर हे परिसंस्थांचे अभ्यासक, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले. पाटील पुण्याच्या आयसरमधले. त्यांचा प्रश्न साधा आहे. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे कधीकाळी तोडलेल्या जंगलांचे अवशेष, की ती पहिल्यापासून माळरानंच होती? उत्तर शोधायला त्यांनी जुनं मराठी साहित्य उघडलं. संतचरित्रं, आख्यानं, लोकगीतं. त्यात कुठल्या जागी कुठलं झाड येतं याची नोंद केली. ४४ रानटी वनस्पती ओळखता आल्या आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश मोकळ्या, गवताळ, भरपूर उन्हाच्या प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. निष्कर्ष असा की हा प्रदेश किमान ७५० वर्षं असाच आहे. म्हणजे लीळाचरित्राच्या काळापासून.

मी पनवेलला राहतो, सॉफ्टवेअर लिहितो, आणि या निबंधाशी माझा संबंध एका ड्रॉपडाउनमुळे आला. कार्बन क्रेडिटचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रकल्पाचं काम आमच्या टीमकडे होतं. जमिनीचा प्रकार निवडायच्या यादीत जंगल, शेती, पाणथळ, वस्ती आणि ‘पडीक’ एवढेच पर्याय होते. माळरान नव्हतं. यादी आम्हाला वरून आली होती, आणि वरच्यांना आणखी वरून. सोलापूरच्या माळावर जिथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, तिथली जमीनही या यादीत टाकायची झाली तर पडीकच.

आता यात अडतं कुठे, ते सांगतो. २०३० पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषून घेऊ असं भारतानं जगाला सांगितलं आहे. त्यासाठी झाडं लावायला जागा हवी, आणि जागा शोधताना बोट पहिल्यांदा पडतं ते ‘रिकाम्या’ जमिनीवर. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. पुणे-सोलापूरकडच्या माळांवर ग्लिरिसिडियाच्या रांगा दिसतात, त्या अशाच विचारातून आलेल्या. आपल्याकडे एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर झाडांच्या सावलीचं छत १० टक्के भरलं की सॅटेलाइटच्या हिशेबात ते वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे विचारलं जात नाही. त्यामुळे माळावर परदेशी झाडं लावली तर नकाशात जंगल वाढतं आणि माळ गेल्याची नोंद कुठेच होत नाही, कारण तो मुळात यादीतच नव्हता.

कार्बनच्या बाजूनंही हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. दाट जंगलात कार्बनचा मोठा वाटा जमिनीच्या वर, खोडा-फांद्यांत दिसतो. गवताळ प्रदेशात त्याचा बहुतेक साठा खाली असतो, मुळांत आणि मातीत. वणवा आला तर गवताचं वरचं पातं जळतं, मूळ राहतं आणि पुढच्या पावसात परत फुटतं. झाड जळलं तर त्याच्या खोडातला कार्बन हवेत जातो. कोरड्या मुलखात, वाढत्या उन्हाळ्यात, ठेव कुठे जास्त सुरक्षित याचा विचार यात हवा. आणि एकदा नांगरलेला किंवा खड्डे पाडून बिघडवलेला माळ लवकर सावरत नाही. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्येच एका निबंधात दाखवलं होतं की जुन्या गवताळ प्रदेशातली वनस्पतींची विविधता परत यायला किमान शतक लागतं, बऱ्याचदा त्याहून कितीतरी जास्त. धनगराला चारायला जागा आज हवी आहे.

म्हणून हा निबंध मला महत्त्वाचा वाटतो. पण साहित्य वाचायची त्यांची रीत मला पूर्ण पटलेली नाही.

जुन्या ग्रंथांत झाड येतं ते बहुतेक वेळा वाटेवर, गावाच्या शिवेवर, देवळाजवळ. लेखक हिंडणारे साधू, कीर्तनकार, आख्यानकार. ते जिथून गेले तिथल्या नोंदी आपल्याकडे आल्या. वाटेच्या आणि वस्तीच्या कडेला गुरं चरतात, सरपण तोडलं जातं, तिथे बाभूळ-बोर माजणारच. त्यावरून दोन कोसांवरच्या डोंगरात काय होतं ते कसं ठरवायचं? आमच्या भाषेत याला सॅम्पलिंग बायस म्हणतात. शिवाय काटेरी झाड हा कवीचा संकेतही असू शकतो: वैराग्य दाखवायचं तर काटे हवेत. लेखक याबाबतीत भोळे नाहीत. निबंधाच्या शीर्षकातच ‘ट्रँग्युलेट’ हा शब्द आहे, म्हणजे साहित्य हा एक बिंदू, बाकीचे बिंदू दुसऱ्या पुराव्यांचे. पण बातम्यांमध्ये त्या शब्दाची धार गेली आणि ‘संतांनी सांगितलं होतं’ एवढंच उरलं. एका नावावर विसंबायचं तर आमच्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यात पळस ऐकू येतो, शेजारच्या करंजाड्यात करंज. तेवढ्यावरून पनवेल माळरान होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. निबंधाचा भर वनस्पतींच्या नावांवर आहे, आणि मला तर सगळ्यात मोठा पुरावा साध्या नामांत दिसतो. देशावरचा माणूस ‘रानात गेलाय’ म्हणतो तेव्हा तो शेतात असतो. रान म्हणजे दाट झाडी असा अर्थ धरला तर हे वाक्य लागतच नाही. माळ, कुरण, गायरान, पड, बरड: मोकळ्या जमिनीला इतके शब्द ज्या भाषेत आहेत, ती भाषा बोलणारे लोक मोकळ्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेले असणार. ‘जंगल’ या शब्दाची तर गंमतच आहे. तो संस्कृत ‘जांगल’मधून आला, आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, उघड्या आकाशाचा, खैर-शमीचा मुलूख. त्याच्या उलट तो आनूप, म्हणजे पाणथळ, दमट. फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८० च्या दशकात यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्या हिशेबानं पनवेल आनूप. एक्सप्रेसवेनं घाट चढून पुण्याच्या पुढे गेलात की जांगल लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जो फरक कळत होता, तो आमच्या ड्रॉपडाउनमध्ये नाही.

यात दोष एकट्या शास्त्रज्ञांचा नाही. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा शोध घेतला तेव्हा त्यांना दक्षिणेतून गुरं घेऊन येणारे गवळी सापडले. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर लिहिलं. कळपाचे देव कळपाच्या मुलखात जन्मतात. एवढे गुराखी देव असलेला प्रदेश घनदाट अरण्य कसा असेल? पुरावा ग्रंथालयात पडून होता. मराठी समीक्षेनं त्यात भक्ती पाहिली, दैवतांची स्थित्यंतरं पाहिली, छंद मोजले. झाडं मोजायचं तिला सुचलं नाही. ते काम परिसंस्थाशास्त्रज्ञांनी इंग्रजीत केलं, आणि आपल्यापर्यंत ते बातमी होऊन परत आलं. मराठी विभागातल्या कुणीतरी आता या ४४ नावांची यादी घेऊन मूळ पोथ्या पुन्हा वाचायला हव्यात. कुठला उल्लेख प्रत्यक्ष पाहून केलेला, कुठला ऐकीव, कुठला निव्वळ अलंकार, हे वनस्पतिशास्त्रज्ञानं सांगावं अशी अपेक्षाच चूक आहे.

वाटेवरच्या नोंदींच्या अडचणीवर एक उपाय मला दिसतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत, आणि आता ‘परी’च्या साइटवर त्या येत आहेत. त्या गाणाऱ्या बायका वाटसरू नव्हत्या. त्या सरपणाला, पाण्याला, गुरांमागे रोज त्याच रानात जात होत्या, आणि ओवीबरोबर गाव, तालुका नोंदवलेला असतो. त्यातली सगळी झाडं तालुक्यानुसार मोजली, मावळातली वेगळी आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली वेगळी, तर दोन याद्यांत काय फरक पडतो ते दिसेल. पडलाच नाही, तर नेर्लेकर-पाटील यांच्या निष्कर्षावरही पुन्हा बोलावं लागेल. हिवर, तरवड, बोर, बाभूळ यांची बोलीतली रूपं ओळखणारं माणूस सोबत मिळालं तर कोड मी लिहून देतो.