दूधभाताची शपथ आणि कथेतला पाऊस

१७०७ साली शंकराजी नारायण सचिवांनी आंबवड्याला प्राणत्याग केला. ताराबाईंच्या मुलाशी एकनिष्ठ राहीन अशी शपथ त्यांनी घेतली होती, तीही दूधभातावर हात ठेवून, असे सांगतात. मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू त्या ऑक्टोबरात खेडची लढाई जिंकून शिरवळकडे आले आणि सचिवांना भेटीचे बोलावणे गेले. जावे तर शपथ मोडते, न जावे तर संभाजीराजांच्या मुलाशी वैर. भोरजवळच्या आंबवड्यात नागेश्वराच्या देवळापाशी त्यांची समाधी आहे. त्यांच्या अजाण मुलाला, नारो शंकरला, शाहूंनी पुढे सचिवपद दिले.

हा प्रसंग आजच्या मराठी कथेच्या हाती पडला तर तिचे पहिले वाक्य काय असेल, हे मला आत्ताच ऐकू येते. आभाळ फाटलेले असेल, ओढा फुगलेला असेल, देवळातली समई विझेल आणि टिटवी ओरडेल. दिवाळी अंकांतून आणि हल्ली पार्श्वसंगीतासह ऐकवल्या जाणाऱ्या कथांतून ही वातावरणनिर्मिती इतकी सरावाची झाली आहे की पात्राने गुन्हा करायच्या आधीच ढग जमतात. मग अपराधी माणसाला वेगळे काही भोगावे लागत नाही. ते काम पाऊस करतो.

पण ऑक्टोबर म्हणजे मावळात पावसाची उघडीप. भात पिवळे पडू लागलेले, विळ्यांना धार लावणे चाललेले, ऊन स्वच्छ. ज्याने दूधभातावर हात ठेवला, त्याने दार उघडले की चहूकडे भातच दिसणार. घरात लहान मूल आहे, त्याला कुणीतरी रोज तोच घास भरवणार. गावाला सुगी दिसते आणि या एका माणसाला आपला शब्द दिसतो. मला कथा इथे दिसते. चोराच्या मनात चांदणे म्हणणाऱ्यांना हे केव्हाच कळले होते: चांदणे सगळ्यांना सारखेच पडते, ते सोसत नाही फक्त त्याला.

नारायण धारपांनी भयकथेला मराठीत मोठा वाचक मिळवून दिला आणि जागा उभी करण्याची त्यांची हातोटी मी मानतो. तरी त्यांच्याकडे बहुधा दुष्टपणा वास्तूत असतो, बाहेरून येतो. माणूस त्याचा बळी ठरतो आणि बळी ठरला की त्याच्या अपराधाला जागाच उरत नाही. धारपांच्या मागून आलेल्यांनी वाडे आणि तळघरे उचलली. रत्नाकर मतकरींची गूढकथा पांढरपेशांच्या साध्या खोल्यांत शिरली, ही मला पुढची पायरी वाटते, कारण तिथे संशय घरातल्या माणसावरच येतो.

जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ पाहा. मठात नेलेल्या प्रवाशाला कुणी दटावत नाही. आदर आहे, उत्तम अन्न आहे, स्वच्छता आहे, आणि या सगळ्या सौजन्यातून भुयारातल्या त्या खोलीची भीती वाढत जाते. धाक आवाज चढवून घातला असता तर वाचकाने तो सहज झटकला असता. एडगर ॲलन पोच्या १८४३ मधल्या प्रसिद्ध कथेतही, प्रेत पुरलेल्या खोलीतच बसून पोलीस हसतखेळत गप्पा मारतात. खुन्याला मृताच्या हृदयाचे जे ठोके असह्य होतात, त्यांच्याइतकाच तो गप्पांचा सूरही असह्य होतो.

गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने परिसराला मनाशी जोडले, हे अभ्यासक्रमातून पुरेसे शिकवले जाते. माझ्या मते अपराधाचे वातावरण कशातून उभे राहते या प्रश्नाला सर्वांत कठीण वळण दिले ते बाबूराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी उधन्याला येतो. भाड्याने खोली हवी असते, आणि खोलीआधी जातीचा प्रश्न येतो. जात लपवल्यावर त्याला मान मिळतो, आपुलकी मिळते, आणि प्रत्येक आपुलकीबरोबर त्याची धास्ती वाढते. इथे वातावरण म्हणजे हवामान नव्हे. खोलीचा उंबरा, शेजाऱ्याची चौकशी आणि सहकाऱ्यांचे बोलणे यांतून ते तयार होते. एरवी माणसाला सुखावणाऱ्या गोष्टीच या तरुणाला घेरतात. शीर्षक चोरीचा ठपका त्याच्यावर ठेवते. शेवटी लोक त्याला मारतात तेव्हा मात्र तो ठपका त्याच्यावरून उठतो आणि मारणाऱ्यांवर जाऊन बसतो. अपराध कुणाचा, हे बागुलांनी भाष्य करून सांगितले असते तर कथा तिथेच संपली असती. आधीच्या पानांवरचा प्रत्येक सन्मान आठवून वाचकालाच हिशेब करावा लागतो.

जयंत पवारांच्या गिरणगावातही अशीच दाट, माणसांनी भरलेली धास्ती आहे. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्यांची बाजू त्यांनी जीव तोडून लिहिली. पण गिरण्यांच्या जमिनींवर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांच्या बोचणीची तितकीच ताकदीची कथा माझ्या वाचनात आलेली नाही. लिहिणारे आणि वाचणारे आपण बहुतेक त्याच बाजूचे, म्हणून ती अवघड जात असावी. बाहेरचा पाऊस लिहिणे त्या मानाने सोपे आहे. उधन्यात त्या तरुणाला मारून घरी परतलेल्यांना त्या रात्री जेवण कसे गेले, बायकोने वाढताना काय विचारले, हात धुताना कोण कुणाकडे बघत नव्हते, हे अजून कुणी लिहायला हवे आहे.