पेय्याल आणि संगणक : विभागलेल्या आकलनाचा प्रश्न

एडविन हचिन्स या अमेरिकन अभ्यासकाचा ‘कॉग्निशन इन द वाइल्ड’ हा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. नौदलाच्या जहाजावर एक जण किनाऱ्यावरील खुणेची दिशा पाहतो, दुसरा ती नोंदवितो, तिसरा नकाशावर रेघ ओढतो. जहाजाचे स्थान कोणा एकाच्या डोक्यात ठरत नाही. माणसे आणि साधने मिळून ते ठरवितात, असे हचिन्स यांचे प्रतिपादन आहे. पुढे हीच दृष्टी मनुष्य आणि संगणक यांच्या व्यवहारालाही लावली गेली.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास ही कल्पना नवखी नाही. दीघभाणक, मज्झिमभाणक आदी परंपरांनी तिपिटकाचे भाग वाटून घेऊन मुखोद्गत ठेवले. सामूहिक पठणात एकाची चूक दुसऱ्याच्या कानी पडत असे.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगून येथील छट्ठ संगायनाचा (१९५४-५६) पाठ संगणकावर आणला व १९९० च्या दशकात तो तबकडीच्या रूपाने उपलब्ध केला. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी बसलेल्या अभ्यासकासही मूळ पाठ, अट्ठकथा आणि टीका देवनागरीत एकत्र पाहता येतात. हे कार्य निःसंशय मोलाचे होय.

तथापि शब्दशोधाने दिलेला आकडा प्रमाण मानण्यापूर्वी थांबले पाहिजे. पालि ग्रंथांत पुनरुक्त मजकूर ‘पे’ अर्थात पेय्याल या खुणेने गाळलेला असतो. पाच स्कंधांविषयी एकच विधान असेल तेथे ते रूप आणि विञ्ञाण यांच्यापुढे पूर्ण छापलेले, तर मधल्या तिहींपुढे अनेकदा गाळलेले आढळते. पठण करणारा ते स्मरणातून भरून काढतो. यंत्र केवळ छापील अक्षरे मोजते. अशा मोजणीवरून ‘अमुक पद वेदनेच्या संदर्भात विरळ आहे’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याने बुद्धवचन नव्हे, लेखनिकाची काटकसर मोजली असे म्हणावे लागेल.

हा दोष यंत्राचा नव्हे. ग्रंथाने स्मरणाकडे सोपविलेला वाटा आज कोणीच उचललेला नाही, हे त्याचे मूळ आहे. हचिन्स यांच्या विवेचनामुळे ही पोकळी ओळखता येते. परंतु त्यांच्या जहाजावर सहकारी शेजारी उभे होते, पडद्यासमोरचा वाचक मात्र एकटा असतो. म्हणून आकडा देणाऱ्या प्रत्येक लेखात पेय्याल भरून मोजणी केली की नाही, हे नमूद व्हावे. आणि पाठ दोघांनी मिळून मोठ्याने वाचण्याची पद्धती अभ्यासवर्गांतून टिकवावी.