ब्रिसेइसचा एकच विलाप

होमरच्या 'इलियड'चे २४ सर्ग आहेत. त्यांतील शेवटचा सर्ग मी सेमिनरीत असताना प्रथम वाचला आणि पुढे क्षमेवरील प्रवचनांत अनेकदा वापरला. वृद्ध राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जातो. ज्या हातांनी आपला पुत्र हेक्टर मारला, त्याच हातांचे तो चुंबन घेतो. अकिलीसला स्वतःचा वृद्ध पिता आठवतो आणि दोघेही रडतात. मृतदेह परत मिळतो. अंत्यविधीसाठी युद्धही थांबते.

आमच्या धर्मग्रामातील वाचक मंडळाने पॅट बार्कर या इंग्लिश लेखिकेची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८) ही कादंबरी वाचावयास घेतली, तेव्हा माझ्या या आवडत्या प्रवचनाला तडा गेला.

कादंबरीची मुख्य निवेदिका आहे ब्रिसेइस. अकिलीसने तिचे नगर लुटले, पती व भाऊ मारले आणि लुटीचा वाटा म्हणून ती त्याच्याच तंबूत आली. प्रायमचे ते प्रसिद्ध चुंबन बार्कर तिच्या नजरेतून दाखवितात. वृद्ध राजाने एका रात्री जे केले, त्याहून अधिक काही जिंकलेल्या स्त्रियांना नित्य करावे लागते, हे ती मनाशी नोंदवते. हे वाचून झाल्यावर मंडळातील एक भगिनी शांतपणे म्हणाल्या, "फादर, प्रायम उठून आपल्या घरी गेला. हिला कुठे घर होते?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कादंबरी निर्दोष नाही. ग्रीक सैनिकांच्या तोंडची भाषा आजच्या इंग्लिश बराकीतील आहे; ती कानाला खटकते. मध्येच निवेदन अकिलीसच्या मनात शिरते आणि ज्या स्त्रीला वाचा द्यावयाची तीच काही काळ बाजूला पडते. वीराचे आकर्षण लेखिकेलाही पुरते सोडवलेले नाही.

तथापि, ही केवळ आधुनिक कुरबुर आहे असे म्हणून पुस्तक मिटता येत नाही. घरी येऊन मी 'इलियड' पुन्हा उघडले. पॅट्रोक्लसच्या प्रेतावर ब्रिसेइस विलाप करते, तो १९ व्या सर्गात आहे. सबंध महाकाव्यात ती तेवढीच बोलते आणि त्यात मारलेला पती व तीन भाऊ यांचा उल्लेख येतो. शेवटच्या सर्गात, प्रायम छावणीत निजला असता, ती अकिलीसच्या शेजारी आहे, हेही होमर सांगून जातो. तो उल्लेख माझ्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षे होता. मी तो ओलांडून पुढे जात असे. बार्कर यांनी नवे काही घुसडलेले नाही. होमरने उघडे ठेवलेले दार त्यांनी ढकलले आहे. चांगल्या पुनर्कथनाची कसोटी मला हीच वाटते: त्याने आपल्याला मूळ ग्रंथाकडे परत पाठवावे, आणि तेही थोडे लाजवून.

ही लाज ग्रीकांपुरती ठेवून चालणार नाही. आपल्या पवित्र शास्त्रात, शास्ते या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, एका लेव्याची उपपत्नी जमावाच्या हाती दिली जाते. तिला नाव नाही. ती एक शब्दही बोलत नाही. तिच्यावर मी आजवर प्रवचन दिलेले नाही.

प्रायमचा दृष्टान्त मी यापुढेही सांगेन. तो खरा आहे. पण क्षमेचा उपदेश करण्यापूर्वी समोरचा मनुष्य उठून घरी जाण्यास मोकळा आहे काय, हे पाहीन. मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही शास्तेचा १९ वा अध्याय वाचणार आहोत.