डाव्या हातातला थोरला भाऊ

फणसवाडीतल्या माणसाला गोष्टीचे वेड लागायला निराळे कारण लागत नाही. व्यंकटेशाच्या देवळाचे आवार, ठाकुरद्वारचा नाका, चाळीची गॅलरी, या सगळ्या जागा गोष्टी सांगण्यासाठीच बांधल्या असाव्यात, असे मला लहानपणी वाटे. शिवाय साहित्य संघाचे नाट्यगृह पायी जाण्याच्या अंतरावर. वडिलांच्या बोटाला धरून मी तिथे इतकी नाटके पाहिली, की बटाटेवड्याचा वास आला म्हणजे अजून मला तिसरी घंटा ऐकू येते. अशा वळणात वाढलेल्या गृहस्थाने पंचेचाळिशी उलटल्यावर व्हिडिओ गेमवर लेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, हे काही वाचकांना करंजीत मोहरी निघाल्यासारखे वाटेल. आमच्या आईला तर वाटतेच. माझ्या हातातल्या कंट्रोलरला ती 'रिमोट' म्हणते, आणि तो रिमोट किती वाजता खाली ठेवला जातो यावर तिचे बारीक लक्ष असते.

प्रथम हे सांगतो, की मोटारी पळवण्याच्या किंवा नुसत्या बंदुका झाडण्याच्या खेळांविषयी मला काही म्हणायचे नाही. ते पत्त्यांसारखे, वेळ जातो, प्रसंगी भांडणे होतात. माझा जीव जडला तो गोष्ट सांगणाऱ्या खेळांवर. त्यांत पात्रे असतात, कथानक असते, आणि ते पुढे नेण्याचे काम आपल्या हातांवर सोपवलेले असते. अशा खेळाची थोरवी सांगताना त्याचे भक्त एक गोष्ट हटकून सांगतात: यात म्हणे शेवट आपण निवडू शकतो. मला हे कधीच पटले नाही. चार शेवटांतून एक निवडणे म्हणजे खानावळीत भाजी निवडणे. मला भावलेल्या बहुतेक खेळांत निवड जवळजवळ नाहीच. तरीही ते कादंबरीत किंवा नाटकात होणार नाही असे काहीतरी करून जातात. ते काय, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

त्याची पहिली चुणूक मला शाळकरी वयात मिळाली. गिरगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांचा डोळा चुकवून आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत असू. हा खेळ 1989 चा, जॉर्डन मेकनर या एकट्या तरुणाच्या डोक्यातून निघालेला. तळघरातून निघायचे आणि 60 मिनिटांत राजकन्या सोडवायची, एवढेच कथानक. वाटेत एका आरशातून नायक उडी मारतो आणि त्याच आरशातून त्याची सावली निसटून बाहेर येते. पुढे ती पुन्हा पुन्हा आडवी येते आणि शेवटाजवळ तलवार घेऊन समोर ठाकते. तिला वार केला की आपलेच रक्त कमी होते. आम्ही पोरे आठवडाभर तिला मारत होतो आणि स्वतः मरत होतो. मग एके दिवशी कोणाच्या तरी हातून तलवार म्यान झाली आणि नायक सरळ चालत त्या सावलीत शिरला. दोघे एक झाले! वर्गात कोणी टाळी वाजवली नाही, कारण सर बाहेरच होते. पण अहंकाराशी लढून तो मरत नाही, हे कीर्तनात दहादा ऐकलेले तेव्हा मला प्रथम कळले, आणि कळले ते कानांनी नव्हे, बोटांनी.

माझे सारे म्हणणे यातच आले. गोष्ट बोटांत उतरली पाहिजे. कादंबरीतल्या नायकाने खून केला तर आपण हळहळतो आणि पान उलटतो. खून त्याचा, पान आपले. 2013 साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस' मध्ये ही सोय नाही. रोगाने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून जोएल नावाचा, मुलगी गमावलेला माणूस एली नावाच्या पोरीला घेऊन चालला आहे. तिच्यापासून रोगावर औषध निघेल, पण त्यात ती मरेल, असे शेवटी कळते. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर वाट अडवून उभा राहतो. त्याला मारल्यावाचून गोष्ट पुढे जात नाही. मी कंट्रोलर खाली ठेवून उठलो आणि गॅलरीत जाऊन आलो. परत येऊन पाहतो तो डॉक्टर तसाच उभा! नाटक कोणासाठी थांबत नाही. खेळ मात्र थांबतो, आणि त्याचे ते थांबणे फार कठोर असते. पुढे 2023 साली याच गोष्टीची दूरदर्शनमालिका निघाली. ती उत्तम आहे, पण त्या प्रसंगी मी स्वस्थ बसून चहा पीत होतो.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' (2018) हा 1899 सालच्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांचा अवाढव्य खेळ. त्याचा नायक आर्थर मॉर्गन एका आजारी ऋणकोला कर्जवसुलीसाठी बडवतो, तो ऋणको त्याच्या तोंडावर खोकतो, आणि त्या क्षणी पेरलेला क्षय पुढे आर्थरला संपवतो. बडवणारे बोट माझे होते हे खेळ मला विसरू देत नाही. मात्र एरवी या खेळात गोष्ट पश्चात्ताप करीत असते आणि हात माणसे टिपत असतो. शेकड्यांनी मुडदे पाडून दोघांसाठी रडणाऱ्या नायकावर किती विश्वास ठेवावा? आठ अंकी नाटकासारखा तो लांबतोही.

आता घरचा खेळ. 'राजी' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केला आणि 2020 साली तो जगापुढे आला. त्याआधी 2017 साली लोकवर्गणीने पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी हात टेकले नाहीत. पुढे परदेशातल्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू असुरांनी पळवला आहे. दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. पहाडी लघुचित्रांसारखी रंगवलेली पार्श्वभूमी, राजस्थानी धाटणीचे महाल, आणि मधूनमधून छायाबाहुल्यांतून सांगितलेले कथाभाग. ज्याने सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या आहेत, त्याला त्या सावल्या परक्या वाटणार नाहीत. पहिला तास मी अक्षरशः हरखून गेलो होतो. परदेशी खेळांत आपण नेहमी कोणाच्या तरी देशात पाहुणे असतो. इथे खांबावरचे चित्र कोणाचे हे मला कोणी सांगावे लागत नव्हते.

म्हणूनच पुढचे लिहिताना जरा जड जाते. राजीची गोष्ट विष्णू आणि दुर्गा आपसांत बोलून सांगतात. संवादाची ही युक्ती छान, जुन्या पुराणांची आठवण देणारी. पण झाले असे, की गोष्ट देवांच्या मुखात राहिली आणि माझ्या हातांत केवळ त्रिशूळ आला. मी उड्या मारतो, भिंतीवरून धावतो, असुर लोळवतो, चकत्या फिरवून चित्रे जुळवतो, आणि बहिणीच्या जिवाची तगमग मला वरून सांगितली जाते. कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि श्रोत्यांना तेवढ्या वेळात दोरीवरच्या उड्या मारायला सांगाव्यात, तसे काहीसे! शेवट तर असा अवचित येतो, की वीज गेली की काय म्हणून मी मीटरकडे पाहिले. आणखी एक सल. पुण्यात जन्मलेली ही पोर आधी इंग्रजी बोलली, नंतरच्या आवृत्तीत हिंदी बोलली. मराठी काही तिच्या तोंडी आली नाही. दोष त्या मंडळींना देत नाही, बाजाराचे गणित मलाही कळते. पण आपल्याकडे नाटककारांची वाण कधी नव्हती, आणि या खेळाला नेमकी त्यांचीच गरज होती. चित्रकार होते, कारागीर होते. प्रसंग हातात कसा द्यावा हे जाणणारा लेखक हवा होता.

हे मी उगाच म्हणत नाही, हे 'वेण्बा' या छोट्या खेळावरून दिसेल. टोरांटोच्या विसाई गेम्सने 2023 साली केलेला हा खेळ. पुढच्या वर्षी पदार्पणाचे बाफ्टा पारितोषिक त्याला मिळाले. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेले एक तमिळ जोडपे, त्यांचा तिकडचाच होत जाणारा मुलगा, आणि आईकडून आलेली, डाग पडून फाटलेली पाककृतींची वही. आपण करायचे काय, तर स्वयंपाक. वहीतले पुसलेले शब्द अंदाजाने ओळखून इडलीची ताटल्या-ताटल्यांची चळत रचायची. मी ती चुकवली. तेव्हा पाठीमागून आईचा आवाज आला, "अरे, एकावर एक खाचा आणल्यास तर वाफ कुठून लागेल? फिरव ती वरची." फिरवली, आणि इडल्या फुगल्या. त्यानंतर आई तासभर स्टुलावर बसून होती. पुढे मुलगा मोठा होऊन तीच वही उघडतो आणि त्याला आईची लिपी नीट वाचता येत नाही, तेव्हा पडद्यावरच्या शब्दांच्या जागा रिकाम्या दिसतात. माझा पुतण्या मराठी पेपर अडखळत वाचतो, त्याची मला आठवण झाली. आईलाही झाली असावी. ती उठून आत गेली.

या पुतण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. दादा डोंबिवलीला राहतो. चाळीच्या पुनर्बांधणीचे कागद आले तेव्हा या खोलीवरून आमच्यात जे झाले ते दिवाळीत उगाळण्यासारखे नाही. दोन वर्षे आम्ही बोललेलो नाही. मुलगा मात्र सुटीत आजीकडे येतो.

आणि आता ज्यांना तो खेळ स्वतः खेळायचा असेल त्यांनी इथेच थांबावे. रहस्यकथेचा शेवट फोडण्याचे पाप मी करणार आहे. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' हा 2013 चा खेळ जोसेफ फारेस या स्वीडनमधल्या चित्रपट-दिग्दर्शकाने केला. आजारी बापासाठी संजीवनी आणायला दोन भाऊ निघतात. ते कुठल्याच खऱ्या भाषेत बोलत नाहीत, तरी सगळे समजते. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. दोन हातांनी दोन भाऊ एकाच वेळी चालवायचे. पहिला अर्धा तास माझी नुसती त्रेधा उडाली. धाकट्याची आई बुडून मेलेली, म्हणून तो पाण्याला भितो. नदी आली की थोरल्याच्या पाठीला बिलगतो. पुढे थोरला मरतो. त्याला पुरण्याची माती धाकट्याने ओढायची, म्हणजे माझ्या उजव्या हाताने. डावा हात रिकामा. तो नुसता कंट्रोलरवर पडून राहतो, आणि तासन् तास त्याला लागलेली सवय जात नाही. घराजवळ पुराचे पाणी आडवे येते. धाकटा काठाशी जातो आणि अडतो. उजवे बटण कितीही दाबा, तो पाण्यात शिरत नाही. मी खूप वेळ दाबत राहिलो. मग, विचार करून नव्हे, डावे बोट आपोआप दाबले गेले, थोरल्याचे. आणि पोरगा पोहू लागला.

मृत भाऊ अंगात कसा उरतो यावर मराठीत चांगल्या कथा असतील. पण ती जाणीव रिकाम्या हातातून घडवण्याचे सामर्थ्य ना छापील शब्दात आहे, ना रंगभूमीत. हा तीन-चार तासांचा खेळ मी त्या आर्थरच्या साठ तासांच्या वर ठेवतो, आणि राजीच्या कर्त्यांनी दुसरा खेळ करताना समोर ठेवावा तो हाच, असे मला वाटते. राजीही भावंडांचीच गोष्ट आहे.

गेल्या सुटीत पुतण्याला तो खेळायला बसवला. बाहेर पाऊस होता, आई वाल सोलत होती. तिसऱ्या दिवशी तो त्या पाण्याच्या काठाशी पोहोचला आणि अडला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. "काका, हे बिघडलंय," तो म्हणाला. मी म्हटले, "बिघडलेलं नाही."

आईने मान वर करून विचारले, "अडलाय का रे तो? सांग ना त्याला काय दाबायचं ते."

मी काही बोललो नाही. त्याचा डावा हात मी पाहत होतो.