नव्या ख्रिस्ती गीतांची पारख

कवितासंग्रह निघाला की त्याची एक प्रत अभिप्रायार्थ येते, कादंबरी निघाली की तिच्यावर चार ठिकाणी चर्चा होते. गीताच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. त्यातही ते गीत भजनाच्या वळणाचे असेल आणि ते भजन ख्रिस्ती असेल, तर मराठी समीक्षेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते विरून जाते. वास्तविक गेल्या काही वर्षांत मराठीत अशी नवी गीते सातत्याने येत आहेत. त्यांच्यामागे ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी नसते, मिशनचा छापखाना नसतो. गाणारा स्वतःच्या पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रण करतो, नाताळच्या किंवा उपवासकाळाच्या तोंडावर गीत यूट्यूबवर ठेवतो आणि मग ते एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर जात राहते. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या पट्ट्यातही ते असेच येऊन पोहोचते. या गीतांकडे साहित्य म्हणून पाहावे की नाही, आणि पाहायचे तर कोणत्या मापाने, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती गीत हा मराठीच्या अंगणातला उपरा पाहुणा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशुसंघीयाने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ वाचण्यापेक्षा गाण्यासाठीच अधिक होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तो गायला गेला. स्टीफन्सने आपल्या देशातले वृत्त सोबत आणले नाही. या भूमीत कथा सांगायची तर ती ओवीतच, हे त्याने ओळखले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज व अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर विलायती चालींवर बसवलेली मराठी गीते आली आणि त्या शहाणपणाचा काही काळ विसर पडला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, परिसरात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चाली आणि कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती मंडळीत रुजवली. आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले.

टिळकांची (१८६१–१९१९) ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांनी फुलामुलांचे कवी म्हणून करून दिली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी जी शेकडो भक्तिगीते लिहिली ती मात्र बहुतेकांच्या वाचनाबाहेर राहिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. हे केवळ सौजन्याचे बोलणे नव्हते, याचा पुरावा त्यांच्या अभंगांच्या बांधणीत मिळतो. मोठ्या अभंगाचे साडेतीन चरणांचे माप, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक, शेवटच्या आखूड चरणावर येणारा विसावा, आणि अखेरीस ‘दास’ ही नाममुद्रा, हे सारे त्यांनी संतांच्या घरून घेतले. आणखी एक गोष्ट आजच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. कोणाच्या वेतनावर नसलेला, संस्थेच्या चौकटीबाहेर उभा असलेला ख्रिस्ती गीतकार, हा आज आपल्याला नवा वाटणारा नमुना मराठीने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

आता आजच्या गीतांकडे वळू. ही गीते ऐकताना आम्हांस चार कसोट्या उपयोगी वाटल्या.

पहिली कसोटी शब्दांची. अनेक नव्या गीतांची भाषा मराठी शब्दांची असली तरी घडण परक्या भाषेची असते. इंग्रजी उपासनागीतांचा किंवा त्यांच्या हिंदी अवतारांचा साचा डोळ्यांसमोर ठेवून ओळी ओतलेल्या असतात. ‘गौरव’ हा शब्द हाताशी असताना ‘महिमा’ हा हिंदीच्या अर्थाने येतो. ‘उपासना’ सोडून ‘आराधना’ येते. या शब्दांना आमचा विरोध नाही, दोन्ही शब्द मराठीचेच आहेत. तथापि एखादा शब्द कवीला हवा होता म्हणून आला की शेजारच्या भाषेतील गाण्यात होता म्हणून आला, हे कानाला कळते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली मराठी कुटुंबात जन्मलेल्या या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असूनही खेड्यातल्या बाईला उमगेल अशी साधी मराठी त्यांनी बुद्धिपुरस्सर निवडली. साधेपणा हा अज्ञानातूनही येतो आणि विद्वत्तेतूनही येतो. दुसऱ्या प्रकारचा साधेपणा टिकतो.

दुसरी कसोटी छंदाची. मराठी गीतात लघु-गुरूंचा तोल राखावा लागतो. विलायती धर्तीच्या चालीत आघात ठरावीक जागी पडतो आणि तेथे शब्दातले जे अक्षर येईल ते ओढले जाते. ‘कृपा’ या शब्दातला ‘कृ’ लांबवून ‘पा’ आखूड केला की शब्द जागच्या जागी मोडतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण त्या शब्दाची ऊब निघून जाते. विभक्तीच्या प्रत्ययावर सम आली तर मूळ नाम अंधारात राहते आणि ‘चा’, ‘ला’ हेच झगमगतात. अभंग-ओवीच्या मापात लिहिणारा या संकटातून आपोआप सुटतो, कारण ते छंद मराठीच्या बोलण्यातूनच घडले आहेत. याचा अर्थ प्रत्येकाने अभंगच लिहावा असा नाही. नवी चाल जरूर बांधावी. पण शब्द आधी मोठ्याने बोलून पाहावेत आणि मग ते सुरात बसवावेत.

तिसरी कसोटी संगीताची. स्वतंत्र कलावंताजवळ वादकांचा ताफा नसतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डात भरून ठेवलेल्या तयार ठेक्यावर त्याला भागवावे लागते. ही गरिबीची अडचण आहे आणि तिची चेष्टा करणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु ठेका तयार मिळतो म्हणून प्रत्येक गीत त्याच लयीत धावू लागले, तर विलापाचे गीत आणि नाताळचे गीत यांत फरक उरत नाही. एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि दोन टाळ एवढ्यावर आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी रात्री जागवल्या आहेत. २००० साली ‘दीप जले’ हा पहिला संग्रह काढणाऱ्या ‘आराधना’ या स्वतंत्र गायकवृंदाने हिंदीत सतारीच्या साथीने ख्रिस्तभजने गायिली. त्यातील संथपणा आणि शब्दाला दिलेला अवकाश शिकण्यासारखा आहे. कमी वाद्ये असणे हा दोष नसून कमी ऐकणे हा दोष आहे.

चौथी कसोटी श्रेयाची. नव्या गीतांच्या पाटीवर गायकाचे नाव ठळक असते, चित्रण करणाऱ्याचेही असते. पुष्कळदा गीत कोणी लिहिले हेच सापडत नाही. जुनी पदे नव्या चालीत गाताना मूळ कर्त्याचा उल्लेखही गळतो. संतांनी शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले, टिळकांनी ‘दास’ म्हटले, यामागे मिरवण्याचा हेतू नव्हता. हे बोलण्याची जबाबदारी माझी, अशी ती ग्वाही होती. निनावी गीताला ही ग्वाही नसते आणि पन्नास वर्षांनी त्याचा इतिहासही लिहिता येत नाही.

दोष सांगितले तसे गुणही सांगितले पाहिजेत. यांतील बऱ्या गीतांत एक प्रांजळपणा असतो, जो आमच्या छापील भावकवितेत आता क्वचित आढळतो. आजार, कर्ज, व्यसन, रोजगारासाठी शहर गाठलेला मुलगा, या गोष्टी तेथे अलंकार न होता येतात. स्त्रियांचे आवाज तेथे साथीपुरते नसतात, पुढे असतात. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वंचित जातींतून आला, त्यांची बोली प्रमाण मराठीच्या पुस्तकांत उशिरा शिरली. गीतात ती आधीपासून आहे. अशा वेळी एखादा शब्द ग्रांथिक नाही म्हणून नाक मुरडणे ही समीक्षा ठरत नाही.

येथे काही वाचक विचारतील की, भजनाची समीक्षा कशी करायची? ती श्रद्धेची वस्तू आहे, आणि तीही दुसऱ्याच्या श्रद्धेची. शंका रास्त आहे. परंतु तुकोबांचे अभंग आपण देवळात गातो आणि विद्यापीठात कविता म्हणून अभ्यासतो. त्याने श्रद्धेला बाध आला नाही. श्रद्धेची पारख करण्याचा अधिकार कोणालाच नाही. शब्द, छंद आणि सूर यांची पारख मात्र प्रत्येक भाषिकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातले गाणे म्हणून ते न ऐकणे हा आदर दिसत असला तरी परिणामी ती उपेक्षाच होते.

आमचा सीमाभाग तर याविषयी अधिक जाणता असावयास हवा. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीबरोबर इतर भाषांतही पदे केली आणि त्यांच्या संप्रदायाने ती जपून ठेवली. दख्खनच्या सूफी परंपरेतील चक्कीनाम्यांनी जात्यावर बसलेल्या बाईचा सूर आपलासा केला. त्याहून दूरचे पण आपल्याच रक्ताचे उदाहरण तंजावरचे आहे. तेथील भोसले राजे दुसरे सरफोजी आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) यांना श्वार्ट्झ या एकाच मिशनऱ्याकडून शिक्षण लाभले होते. पुढे हा कवी त्याच मराठी राजाच्या आश्रयाला होता आणि कर्नाटक संगीताच्या वळणाने ख्रिस्तगीते रचीत होता. दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्याला दुसऱ्याच्या धर्माचे आणि दुसऱ्याच्या भाषेचे गाणे ऐकण्यात कमीपणा वाटला नाही. आज जे गाणे आपल्याच भाषेत आहे, त्याविषयी आपण अधिक अंतर राखावे हे विचित्र होय.

आणि येथेच या विषयाचा आपल्या जिव्हाळ्याचा धागा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२० साली उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. २०२२ साली ते उदगीरला भरले. दोन्ही गावे आपल्या वेशीपलीकडची. संमेलनांची वाद्ये येथे ऐकू येतात, पण आपल्या नातवंडांची शाळा, बाजार आणि कचेरी यांची भाषा कन्नड आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. अशा स्थितीत मराठी जेथे आपण होऊन, कोणाच्या अनुदानावाचून गायली जाते, ती प्रत्येक जागा आपल्या मोजदादीत असली पाहिजे. ती जागा विठ्ठलाचे देऊळ आहे की मेथडिस्ट चर्च, हा भाषेच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. ज्या भाषेची माणसे एकमेकांची गाणी ऐकत नाहीत, ती भाषा बाहेरच्या आक्रमणाआधी आतूनच तुटते.

स्वतंत्र कलावंतांनाही एक सूचना करावीशी वाटते. टिळकांनी वेतन सोडले आणि ते संस्थेच्या चौकटीबाहेर उभे राहिले. आजचा गायक संस्थेपासून मोकळा आहे. परंतु किती जणांनी गीत पाहिले या आकड्याचा तो ताबेदार होऊ लागला, तर त्याने केवळ धनी बदलला असे होईल. गाजलेल्या गीताची दहावी प्रतिकृती काढण्यापेक्षा आपल्या गावच्या बोलीत एकच चांगले कडवे लिहिणे हे अधिक स्वातंत्र्याचे काम आहे.

मंडळापुढे आमची सूचना अगदी साधी आहे. अशा गीतांची एक नोंदवही ठेवावी; तीत गीताचे नाव, कवी, चाल बांधणारा, गायक, गाव, वर्ष आणि छंद एवढी सात रकाने असावीत. ज्या सभासदांना चर्चमधील मंडळींचा परिचय आहे त्यांनी ती माहिती गायकांकडूनच मागून घ्यावी, कारण यूट्यूबवरील पाटी आज आहे ती उद्या असेलच असे नाही. दर अंकात निवडक एक-दोन गीतांवर, कवितासंग्रहावर लिहावे तितक्याच काटेकोरपणे आणि तितक्याच आपुलकीने, लिहिले जावे. जे बरे आहे त्याला बरे म्हणावे. जे ओढूनताणून आणलेले आहे ते तसे आहे हे सांगावे. कोणीतरी नीट ऐकत आहे हे कळले, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप सावध होतो.