गृहनिर्माण संस्थेची सभा-सूचना : सर्वसमावेशक संवादाच्या अंगाने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सहकारी गृहनिर्माण संस्था, उपविधी, सर्वसाधारण सभा, गणपूर्ती, इतिवृत्त, सदनिकाधारकांचा सहभाग

प्रस्तावना

सहकारी गृहनिर्माण संस्थांविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुतांशी कायद्याच्या अंगाने झालेले आहे. थकबाकी, हस्तांतरण, वाहनतळ, लेखापरीक्षण हे त्याचे नेहमीचे विषय होत. संस्था आपल्या सभासदांशी ज्या भाषेत बोलते, त्या भाषेची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात सभेची सूचना व सभेचे इतिवृत्त या दोन लेखनप्रकारांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

या चळवळीचा आरंभ १९१५ मध्ये मुंबईतील गावदेवी येथे स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपासून मानला जातो. ती एका ज्ञातीतील, परस्परांना ओळखणाऱ्या कुटुंबांची वसाहत होती. अशा ठिकाणी कागदाच्या आधी बोलणे झालेले असते. सूचना हा केवळ उपचार ठरतो. आजच्या संकुलात भाषा, व्यवसाय, वय आणि मिळकत यांपैकी काहीच समान नसते. उपचाराचा तो कागद मात्र तसाच राहिला आणि संवादाचा सारा भार त्याच्यावर येऊन पडला.

सूचनेची भाषा

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते व तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती पुरते. तितकीही नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही.

हा शेवटचा नियम अडचणीच्या प्रसंगासाठी केलेला आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळ सूचनांच्या तळाशी आधीच छापलेला असतो : गणपूर्ती न झाल्यास हीच सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी होईल. बोलावणाऱ्याने आपण न येण्याची तरतूद करून ठेवली आहे, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते. २०० सदनिकांच्या संकुलात दुरुस्ती निधीचा ठराव पंधरा जणांच्या उपस्थितीत संमत होतो, तोही पूर्णपणे वैध रीतीने. समितीचा यात कायदेशीर दोष नाही. सूचना हातपोच, टपालाने वा ई-मेलने दिली, फलकावर लावली, की ती बजावली गेली. बजावणी म्हणजे संवाद नव्हे, हा भेद नियमाच्या भाषेत कोठे दिसत नाही.

विषयपत्रिकेचीही तीच गत. 'इमारत दुरुस्तीबाबत विचार करून निर्णय घेणे' या वाक्यात कर्ता नाही, रक्कम नाही, पर्यायही नाहीत. प्रत्येक सदनिकेमागे किती पैसे भरावे लागणार हे घरबसल्या न कळलेला सभासद सभेला कशासाठी येईल? आणि 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हे शेवटचे कलम तर सूचनेचा हेतूच रद्द करते, असे आमचे मत आहे.

कोणाशी बोलले जाते?

सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे आणि सभेत प्रतिनिधीमार्फत मत देता येत नाही. सदनिका संयुक्त नावावर असल्यास भागपत्रावर ज्याचे नाव प्रथम, त्याचा मतदानाचा हक्क प्रथम. अनेक कुटुंबांत पत्नीचे नाव दुसरे असते, आणि पाण्याची वेळ, उद्वाहकातील बिघाड, कचऱ्याची व्यवस्था यांची झळ मात्र दिवसभर तिलाच लागते. समितीत महिलांसाठी जागा राखीव आहेत. सूचना तरीही पहिल्या नावानेच येते.

महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील कॉन्डोमिनियममध्ये स्थिती आणखी वेगळी आहे. तेथे मत माणशी नसून घोषणापत्रात नमूद केलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने मोजले जाते. अर्थात मोठ्या सदनिकेचा आवाज मोठा. अशा व्यवस्थेत तरी लहान सदनिकाधारकाचे म्हणणे लेखी नोंदवण्याची काळजी अधिक घ्यायला हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने संवादाच्या व्याख्येत ब्रेल, मोठ्या अक्षरांतील मुद्रण आणि सोपी भाषा यांचा समावेश केला आहे. हा कायदा खाजगी संस्थेस कितपत बांधतो हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी व्याख्या उपयोगी आहे. तळमजल्यावरील अपुऱ्या उजेडाच्या फलकावर बारीक टंकातील कागद लावणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

व्हॉट्सअॅप समूहांमुळे हे सारे सुटले, असे सांगितले जाते. आम्हांस ते पटत नाही. समूहावर बोलणे पुष्कळ होते, परंतु त्याची नोंद इतिवृत्तात जात नाही; आणि ज्येष्ठ सभासदांपैकी जे तेथे नाहीत ते दोन्हीकडून वगळले जातात.

इतिवृत्त आणि पुनर्विकास

इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि 'ठराव सर्वानुमते मंजूर' एवढेच बहुधा उरते. विरोध करणाऱ्याचे कारण गळून पडते. रंगकामाच्या ठरावात यामुळे फारसे बिघडत नाही. पुनर्विकासात घरच पणाला लागलेले असते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनी आवश्यक संमतीचे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणले. म्हणजे जवळजवळ निम्म्या सभासदांचे म्हणणे डावलूनही इमारत पाडता येते. त्याच निर्देशांत सभेच्या चित्रीकरणाची अट आहे. चित्रफितीत कोण उपस्थित होते ते दिसेल. प्रकल्प अहवालातील चटईक्षेत्राची परिभाषा कोणाला कळली, ते दिसणार नाही.

सहभाग घटण्यास भाषा हेच एकमेव कारण आहे असे येथे म्हणावयाचे नाही. नोकरीच्या वेळा, भाड्याने दिलेल्या सदनिका, जुनी वैमनस्ये ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांवर सचिवाचा इलाज चालत नाही. सूचनेच्या मसुद्यावर चालतो. प्रत्येक विषयाखाली सदनिकेमागे येणारा खर्च एका ओळीत लिहिणे, सूचना संयुक्त सभासदांच्या दोन्ही नावांनी काढणे आणि इतिवृत्तात विरोधी मत कारणासह नोंदवणे, यांसाठी उपविधींत दुरुस्ती करावी लागत नाही. येत्या सप्टेंबरच्या सभेपासून ते करता येईल.