वळणात लपलेला वेग

३० मे १९३७ रोजी बर्लिनजवळच्या आवुस मार्गावर हर्मान लांगने मर्सिडीज हाकत शर्यत जिंकली, तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी २६१ किलोमीटरच्या वर गेला होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी मॅक्स व्हेर्स्टापनने मोन्झाला इटालियन ग्रां प्री जिंकली ती ताशी २५०.७ किलोमीटरच्या सरासरीने. फॉर्म्युला वनच्या इतिहासातली ही सर्वांत वेगवान शर्यत. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं, कार्बन फायबर, हवेच्या बोगद्यातल्या चाचण्या, संगणकांचे ताफे आणि अब्जावधींचा खर्च एवढं सगळं जमेला धरूनही लांग दहा किलोमीटरने पुढेच!

ही तुलना अन्यायाची आहे, हे कबूल. आवुस म्हणजे जेमतेम दोन समांतर सरळ रस्ते आणि एका टोकाला विटांचा, भिंतीसारखा चढवलेला वळसा. शर्यतही छोटी. लांगच्या गाडीची चाकंसुद्धा पत्र्याने झाकलेली होती, जे आजच्या फॉर्म्युला वनमध्ये चालणारच नाही. तरी या अन्यायातूनच मुद्दा नीट दिसतो. सरळ रस्त्यावर तुफान धावणं माणसाला फार लवकर जमलं. पुढची सगळी कहाणी वळणांची आहे, आणि वळणातला वेग बघणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही. या खेळाच्या आजच्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

मोन्झाचंच घ्या. १९७१ साली पीटर गेथिनने बीआरएमच्या गाडीतून तिथे रॉनी पीटरसनला एक शतांश सेकंदाने मागे टाकलं. पहिले पाच जण ०.६१ सेकंदात रेषेवरून गेले. सरासरी ताशी २४२.६ किलोमीटर. तेव्हा मोन्झावर वेग तोडणारी नागमोडी शिकेन नव्हती. एकाने हवा कापायची, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने ओढलं जायचं आणि शेवटच्या क्षणी बाहेर पडायचं, असा तो मामला. पुढच्याच वर्षी शिकेन आली आणि गेथिनचा आकडा २००३ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, कुणाला गाठता आला नाही. शेवटी मिखाएल शूमाकरने तो ताशी २४७.६ वर नेला. गेथिनच्या तीन लिटर इंजिनाची ताकद आजच्या गाडीच्या निम्मीसुद्धा नव्हती. ताकद दुपटीहून जास्त झाली आणि चौपन्न वर्षांत सरासरी वाढली आठ किलोमीटर. मग एवढी मेहनत गेली कुठे?

वळणांत गेली, आणि नियमांनी गिळली. १९६८ च्या सुमारास गाड्यांना पंख लागले. विमानाचा पंख उचलतो, हा उलटा बसवलेला पंख गाडीला रस्त्यावर दाबतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. म्हणजे जितक्या जोरात वळाल तितकी पकड जास्त, हे साध्या समजुतीला पटत नाही आणि ड्रायव्हरच्या पायालाही सुरुवातीला पटत नसावं. सरळ पट्ट्यावर मात्र तोच पंख आडवा येतो. म्हणून फॉर्म्युला वनचा अभियंता सरळ पट्ट्यावरचे दहा-वीस किलोमीटर आनंदाने सोडून देतो, कारण वळणावर त्याला त्याहून कितीतरी जास्त परत मिळतं. टीव्हीवर झळकणारे सर्वोच्च वेगाचे आकडे त्यामुळेच फसवे. २०१६ मध्ये मेक्सिको सिटीच्या शर्यतीत वाल्तेरी बोटासची ताशी ३७२ किलोमीटरची नोंद झाली, ती निम्मी तरी विरळ हवेची करामत. हे शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटरच्या वर आहे. आणि २००६ मध्ये होंडाने आपली फॉर्म्युला वन गाडी अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठागरावर नेली, तेव्हा मागचा पंख काढून तिथे उभा पर बसवला. इतकं करूनही नोंद झालेली सरासरी ताशी ३९७ च्या आसपासच राहिली. वळण काढून टाकलं की ही गाडी काही अजब राहत नाही.

फॉर्म्युला या शब्दाचा अर्थच मुळी नियमांची चौकट. अभियंत्याने वेग शोधायचा आणि नियामकाने तो कापायचा, असं सत्तर-पंचाहत्तर वर्षं चाललं आहे. त्यामुळे वेगाचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँट्जुईकवर दोन्ही लोटस गाड्यांचे उंच काठ्यांवरचे पंख मोडले. त्यानंतरच्या मोनॅकोच्या शर्यतीत, तेही ऐन सराव चालू असताना, असे पंख बंद झाले. लोटसच्या कॉलिन चॅपमनच्या लोकांनी मग पंख वर न लावता गाडीच्या पोटाखाली दडवला. १९७८ च्या लोटस ७९ मध्ये गाडीच्या बाजूंना जमिनीला घासणारे झालरीसारखे पडदे होते, आणि मधून धावणारी हवा गाडीला जमिनीकडे शोषून घेत होती. मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी जगज्जेता झाला. पण पडदा अडकून वर राहिला की शोषण एका क्षणात नाहीसं होई आणि गाडी वळण सोडून थेट बाहेर. त्या काळच्या ड्रायव्हरांच्या धैर्याचं कौतुक करताना हा जुगार विसरता कामा नये. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला.

तोवर दुसरी वाट उघडली होती. १९७७ मध्ये रेनोने दीड लिटरचं टर्बो इंजिन आणलं तेव्हा सगळे हसले, कारण गाडी वाफा सोडत बाजूला उभी राहायची. आठ वर्षांनी, जुलै १९८५ मध्ये, सिल्व्हरस्टोनला केके रोझबर्गने होंडा टर्बोच्या विल्यम्समधून एक लॅप १ मिनिट ५.५९१ सेकंदांत मारला. सरासरी ताशी जवळपास २५९ किलोमीटर. पोल, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा, हातात असूनही तो पुन्हा बाहेर पडला होता, कारण त्याला आणखी हवं होतं. हा आकडा सतरा वर्षं टिकला. त्या काळात पात्रता फेरीसाठी वेगळी इंजिनं असत, मोजक्या लॅप्सपुरती जगणारी. बीएमडब्ल्यूच्या अशा इंजिनाची ताकद तेराशे अश्वशक्तीच्या पुढे गेली होती असं मानतात. १९८९ मध्ये टर्बोलाच बंदी आली. मग संगणकावर चालणारं सस्पेन्शन आलं आणि १९९४ च्या हंगामासाठी तेही काढून घेतलं. त्याच वर्षी इमोलाला ३० एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर गेला आणि दुसऱ्या दिवशी एर्टन सेना. त्यानंतर कापण्याच्या हाताला कुणी अडवलं नाही, अडवायला हवंही नव्हतं.

माझ्या मते या साऱ्या कथेचं शिखर २००४. तीन लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, नऊशेच्या घरात अश्वशक्ती, ड्रायव्हरसकट सहाशे किलोच्या आसपास वजन, आणि मिशलाँ-ब्रिजस्टोनची टायरांची झुंज. शर्यतीत इंधन भरता येत असल्याने गाडी कायम हलकी राही. मान्यी-कूरला शूमाकरने तर चार वेळा पिटमध्ये शिरून शर्यत जिंकली. पूर्ण शर्यत म्हणजे लागोपाठच्या पाच जीवघेण्या धावा. त्या साली मोन्झाच्या शर्यतीत रुबेन्स बारिकेलोने केलेला १ मिनिट २१.०४६ सेकंदांचा लॅप मोडायला २०२५ उजाडलं. लँडो नॉरिसने तो मोडला तोही दीड दशांश सेकंदाने. पात्रता फेरीतला वेग मात्र २०१७ नंतर भराभर वाढला, आणि मोन्झाला व्हेर्स्टापनने २०२५ मध्येच ताशी २६४.७ ची सरासरी गाठली. म्हणजे शनिवारी आजची गाडी निर्विवाद सरस, पण रविवारी जुनीची बरोबरी करतानाच दमछाक.

वेगाची खरी मर्यादा नियमांच्या पुस्तकात नाही, हे दाखवणारी घटना फॉर्म्युला वनमधली नाही. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या कार्ट मालिकेची शर्यत टेक्ससच्या दीड मैलाच्या अंडाकृती मार्गावर व्हायची होती. तिथल्या वळणांचा उतार चोवीस अंशांचा. सराव आणि पात्रता फेरीत गाड्या ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास फिरल्या आणि ड्रायव्हर उतरले ते भोवळ घेऊनच. पंचवीसपैकी एकवीस जणांना चक्कर येत होती किंवा नजर नीट ठरत नव्हती. पाच जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीच्या, वरचा भार, तोही लॅपच्या बहुतांश वेळ. शर्यत सुरू व्हायच्या सुमारे दोन तास आधी रद्द झाली. गाड्या धडधाकट होत्या, रस्ता शाबूत होता, कानातला तोल सांभाळणारा इवलासा अवयव तेवढा हरला. इंडियानापोलिसचा पात्रता विक्रमही १९९६ मध्ये आरी लायेंडाइकने केला, ताशी ३८१ किलोमीटरचा, आणि तो तिथेच थांबला आहे. मोडू द्यायचा नाही असंच जणू ठरलं आहे.

आता दुखण्याकडे येतो. २०२२ मध्ये गाडीचं किमान वजन ७९८ किलो झालं. ड्रायव्हरचं डोकं वाचवणारं हॅलोचं कडं, बॅटरी, मोठी चाकं यांचं ओझं समजण्यासारखं आहे. २०१४ पासूनच्या संकरित इंजिनांचं यश तर मला वेगाच्या कुठल्याही विक्रमाहून मोठं वाटतं. इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामाला लावणारं इंजिन मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी-यंत्रावर चालवून दाखवलं. पण हा पराक्रम बाकावरून दिसत नाही, ऐकूही येत नाही. आणि वळणातला वेग हवेवर उभा असल्याने पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्याची पकड जाते. जितका वेग हवेतून कमवाल, तितकं पाठलाग करणं अवघड. गाडीखालच्या शोषणाकडे परत जाऊन २०२२ मध्ये यावर उपाय केला, तर गाड्या सरळ पट्ट्यावर टुणटुण उसळू लागल्या. लोटसवाल्यांना हा त्रास पंचेचाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होता.

आपल्याकडेही तेच. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्तियन फेटेल जिंकला. तिथली तिकिटं घेताना बहुतेकांना लांब सरळ पट्टा दिसायला हवा होता. गाडी तिथे तीनशेच्या वर जायची, पण असे आकडे लांगच्या पिढीनेही पाहिले होते. त्या गाडीची खरी करामत दहाव्या-अकराव्या वळणात, उजवीकडे वळतच राहणाऱ्या त्या लांब कमानीत होती.

२०२६ च्या नियमांत वजन ७६८ किलोवर आणलं आहे, पंख सरळ पट्ट्यावर आडवे होतात आणि वळणात पुन्हा उभे राहतात, आणि जवळपास निम्मी ताकद विजेची आहे. ही वीज एका वेगानंतर हळूहळू आखडती घ्यायची अशी तरतूदही आहे. म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथे प्रेक्षकाचा श्वास रोखलेला असतो, नेमका तिथेच हात आखडायचा.

मोनॅकोत १९५० साली फँजिओने पोल घेतला तो १ मिनिट ५०.२ सेकंदांत. रस्ता अधूनमधून बदलला, तरी गल्ल्या त्याच. मे २०२५ मध्ये नॉरिसने ६९.९५४ सेकंद नोंदवले, सत्तरच्या आतला पहिला लॅप. चाळीस सेकंद वाचवायला पंचाहत्तर वर्षं लागली, आणि मला तरी तो लॅप पुन्हापुन्हा पाहावासा वाटतो. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. कुणी कुणाला ओलांडू शकत नाही म्हणून त्या वर्षी दोन टायर-बदल सक्तीचे केले होते. त्यावर संघांनी तोड काढली. एका गाडीने मुद्दाम लॅपमागे काही सेकंद हळू चालायचं, मागच्यांची रांग कोंडून ठेवायची आणि आपल्या जोडीदाराला पिटमध्ये जाऊन यायला मोकळी जागा करून द्यायची. वळणांत जगातल्या सर्वांत वेगवान असलेल्या गाड्या त्या रविवारी वरातीसारख्या चालल्या होत्या, आणि त्यात एकही नियम मोडत नव्हता.